बरं वाटलं म्हणून सोडलेली गोळी

भर दुपारी कुणी झोकांड्या खात चाललं असेल, तर तुम्ही आधी काय करता? तोंडाचा वास घेता ना?

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी आमचं गाव, सोनिवली, सोडलं त्या सकाळी बाबांनी माझी पत्र्याची पेटी सायकलला बांधली. आई म्हणाली, "कुनाची मिंधी ऱ्हाव नको, बाय."  बाबा म्हणजे आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटलेला माणूस, त्यांचं सगळं बोलणं छापलेलंच असायचं. मी त्याच पत्रकांवर वाचायला शिकले.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात शिलाईला लागले. एका सकाळी डाव्या कानात दडा बसला, घूं घूं वाढत गेलं आणि सुई, मशीन, भिंत गरगर फिरू लागली. मी खाली कोसळले, ओकले. शेठ ओरडला, "सुबह सुबह पीके आई है क्या?"

शेजारच्या मशीनवरची शांताताई म्हणाली, "शेठ, ही चहापण अर्धाच पिते!"

सगळे हसले. मी दोन्ही हातांनी फरशी धरून होते. सोडली तर पडेन, असं वाटत होतं. पडून झाल्यावरसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाचा आजार आहे. मीठ कमी करायचं, गोळी रोज, कित्येक महिने. "बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय सोडू नका."

आमच्याकडे औषध ताप उतरेपर्यंत घेतात. दोन महिने चक्कर आली नाही, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत भाषणच ठोकलं: रोजची गोळी म्हणजे गरिबाला जन्माचं गिऱ्हाईक करणं! टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून गोळ्या बंद. शांताताई तेवढी म्हणाली, "तुझा कान ऐकतोय का गं तुझं भाषण?"

पुढची चक्कर गावी आली, विहिरीच्या काठावर. पाणी वर आणि आभाळ खाली झालं. आईनं वेणीला धरून मागं ओढलं. मग अशक्तपणा समजून तांब्याभर मीठ-लिंबाचं पाणी पाजलं. तिच्या डोळ्यांतली भीती बघून मी नाही म्हणू शकले नाही.

परतल्यावर डॉक्टरांनी कान तपासला. डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं. "गेलेलं ऐकणं परत येईलच असं नाही," ते म्हणाले. सगळं गोळ्या सोडल्यामुळेच झालं का, हे त्यांनाही सांगता येईना. मला मात्र ते भाषण आठवत राहिलं.

आता गोळी रोज घेते. तरी मशीनवर बसताना वाटतं, उजवा कानही गेला तर? पूर्वी घर म्हणजे सोनिवली. आता जिथं मी कोसळले तर लोकांना काय करायचं ते ठाऊक आहे, ते घर. शांताताईनं सुई थांबवायला, मला कुशीवर झोपवायला शिकून घेतलंय. आईला मी पत्रातून शिकवतेय.

गाववाल्यांनो, तुमच्या घरात कुणाला अशी गोळी चालू असेल, तर आज विचारा: सकाळची घेतलीस का? सोडली असेल तर रागावू नका. उद्या कामाचा खाडा करा आणि त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जा.