खंडेनवमीचं कुंकू

सकाळपासून लॅपटॉप वाय-फाय पकडत नव्हता आणि ऑफिसची फाईल बारापर्यंत पाठवायची होती. यादीत शेजाऱ्यांची सगळी नेटवर्क दिसत होती, आमचं तेवढं गायब. लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला, त्याला आणि तो बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी चिडून बाहेरच्या खोलीत गेलो, तर राउटरच बंद! त्याच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"आई, कुणाला विचारून बंद केलास हा?" मी ओरडलोच.

"आज खंडेनवमी," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "वर्षभर राबतो बिचारा. एक दिवस तरी निजू दे त्याला."

तणतणत आत गेलो. ओट्यावर मिक्सरही कुंकू लावून स्वस्थ बसला होता. आणि गुडघे आखडलेली माझी आई जमिनीवर बसून पाट्यावर पुरण वाटत होती.

यंत्रांना सुट्टी द्यायची रीत कुणीतरी घातली. तिच्या हातांना द्यायची मात्र कुणालाच सुचली नाही, मलाही नाही. राग तसाच होता, पण आता तो लॅपटॉपवर काढता येईना.

"ऊठ," म्हणत मी वरवंटा ओढून घेतला.

ती उठली, कंबर सरळ केली आणि पोळ्यांसाठी तवा तापत ठेवला.