सत्यभामाबाईंची सावड

नेकनूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला सटवा आणि त्याची बायको सत्यभामाबाई यांची वस्ती आहे. पत्र्याचं घर, थोडं ज्वारी-तुरीचं रान आणि ऐंशीच्या आसपास मेंढ्या. भावकीची पंधरा-वीस घरं त्याच पायथ्याला विखुरलेली. लोकरीला आता बाजारात कोणी विचारत नाही. पण लोकर वाढली की मेंढीला गोचिडं होतात, ती खंगते. म्हणून वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते. एका घराला ती झेपत नाही. ज्याची कातरणी असेल त्याच्याकडे बाकीच्या घरांतली माणसं आपापली कातर घेऊन जातात. मजुरी कोणी घेत नाही. घरधनी बोकड कापतो, घरची सून पंगतीला वाढते, आणि मग पुढच्या घराची पाळी. याला सावड म्हणतात. सावडीतून बाहेर पडलेलं घर पायथ्यालाच राहतं, पण त्याच्या दारात कोणी येत नाही.

यंदाच्या दिवाळीनंतर सत्यभामाबाईंच्या घरावर सावडीतून बाहेर पडायची वेळ आली, आणि तिचं कारण त्यांची सून होती.

त्यांचा सोमनाथ अंबाजोगाईला शिकला आणि पुण्यात एका रक्त तपासणी केंद्रात कामाला लागला. नीमा ही टांझानियातल्या दारेसलामची मुलगी, पुण्यात औषधशास्त्र शिकायला आलेली. डेंग्यू झाला म्हणून ती त्या केंद्रात गेली आणि तिथे दोघांची ओळख झाली. तीन वर्षांनी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि मग घरी फोन केला.

सत्यभामाबाईंना हे गोड वाटलं असं कोणी समजू नये. सोमनाथनं पाठवलेला फोटो त्यांनी एकदा पाहिला आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. पोरगी इतकी काळी, केस असे, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यांच्याही मनात आलं. तिसऱ्या दिवशी मेंढ्या वळून परत आल्यावर त्यांनी धाकट्या लेकीला, धनश्रीला, फोन लावायला सांगितला आणि सोमनाथला एवढंच म्हणाल्या, "घेऊन ये तिला. फोटूत माणूस कळत न्हाई."

दिवाळीला नीमा आली. वस्तीवरची पोरं तिच्या वेण्यांना हात लावून पळायची. कपिलधारला दर्शनाला नेलं, तर धबधब्यापेक्षा तिच्याभोवतीच जास्त मोबाइल उगारले गेले. पाठीमागून कोणीतरी "हबशीण" म्हणालं, ते सत्यभामाबाईंनी ऐकलं. शेजारच्या एका काकूनं तिला विचारलं, "तुमच्याकडं सिंव्ह दारात येतेत म्हणं?"

"आमच्याकडे दारात ट्रॅफिक येतो," नीमा मोडक्या मराठीत म्हणाली. "पुण्यासारखा."

मेंढ्यांना मात्र ती भ्यायची. एका एडक्यानं मागून ढुशी दिली तेव्हा ती थेट पाण्याच्या टाकीवर चढून बसली. त्या दिवशी सत्यभामाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि हात देऊन तिला खाली उतरवताना पहिल्यांदा तिला "पोरी" म्हणाल्या.

कातरणी तोंडावर आली तसा राधाकिशन आला. सटवाचा चुलतभाऊ, भावकीत त्याचा शब्द चालतो. ओट्यावर टेकला, पण चहा नको म्हणाला.

"वैनी, राग धरू नका. कातरायला सगळ्यांला मी घेऊन येतो. फकस्त एक करा. त्या दिवशी धनश्रीला वाढू द्या. हिला आत बसवा."

"कावून?"

"आता कावून म्हंजी? म्हातारी माणसं हायेत. त्यांच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. हिची कुळी ठाऊक न्हाई, देव ठाऊक न्हाई. अन् रंग तर तुमी बघतायच."

"पंडित पाटलाच्या पुतण्यानं जर्मनीची बायकू आणली, तवा नेकनूरच्या चौकात फ्लेक्स लागला व्हता. तुमी फेटा बांधून गेलतात, भावजी. तिची कुळी कोणती निघाली?"

"ती गोष्ट येगळी हाय."

"कशी येगळी?"

राधाकिशननं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. तेवढ्यात सटवाच मध्ये पडला. "अगं, जाऊ दे की. एका दिवसाचा तर सवाल हाय."

दारात उभी असलेली नीमा पुढे आली. बोलणं सगळं कळलं नसलं तरी कशाबद्दल आहे ते तिला कळलं होतं. "आई, मी बसते आत. मला चालतं."

"तुला चालतंय, मला न्हाई चालत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आज आत बसलीस तर जल्मभर तितंच बसशील." मग राधाकिशनकडे वळून म्हणाल्या, "कातरणी बुधवारी हाय. वाढणार माझी सून. ज्याच्या घशाखाली उतरंल त्यानं यावं."

सटवा दोन दिवस बायकोशी बोलला नाही. ऐंशी मेंढ्या दोन माणसांनी कातरायच्या कशा, आणि पुढच्या हंगामात काय, धनश्रीचं लग्न ठरवताना काय, ही त्याची काळजी खोटी नव्हती. सत्यभामाबाईंनाही ती होतीच. पण मंगळवारी त्यांनी मेंढ्या ओढ्यावर नेऊन धुतल्या. धुतलेली मेंढी लगेच कातरावी लागते, नाहीतर लोकर पुन्हा मळते. म्हणजे आता माघार नव्हती.

बुधवारी कातरींना भंडारा लावला, चुलीवर मटण चढलं. ऊन अंगणात आलं, कोणी आलं नाही. सटवा आणि सोमनाथ कातरायला बसले. सोमनाथचा सराव मोडलेला. पहिल्याच मेंढीच्या कातडीला त्यानं दोन ठिकाणी कातर लावली. हे बघून सत्यभामाबाईंनी पदर खोचला आणि खुंटीवरची तिसरी कातर घेतली. त्यांच्यात बायका लोकर गोळा करतात, स्वयंपाक करतात. कातर धरत नाहीत.

"अगं, बाई कातरती व्हय कुठं?" सटवा न राहवून बोलला.

"गडी कुठं हायेत मग? दाव की."

नीमानं मेंढीचे पाय धरले. डोळे घट्ट मिटलेले, पण पाय सोडले नाहीत. सत्यभामाबाईंची पहिली मेंढी सुटून उभी राहिली, तेव्हा तिच्या अंगावर कुठे झुबके, कुठे टक्कल. सटवानं ती न्याहाळली आणि त्याचा दोन दिवसांचा अबोला सुटला.

"ही मेंढी हाय का उंदरानं कुरतडलेली गोधडी?"

"तुमी बघू नका तिच्याकडं. तिला लाज वाटंल," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि दुसरी ओढली.

उन्हं चढल्यावर बांधावरून म्हाळूआबा येताना दिसले. भावकीतलं सगळ्यांत म्हातारं माणूस. "गुडघा धरला व्हता सकाळी," ते कोणी न विचारता म्हणाले आणि पटकुरावर बसले. गुडघ्याचं खरं नाही हे सगळ्यांना कळत होतं. त्यांच्यामागून त्यांचे दोघे पुतणेही खाली मान घालून आले. थोड्या वेळात कातरींचा आवाज लागला आणि बोलणंही सुरू झालं.

"हळू बे, कान कापशील तिचा!"

"कान न्हाई बे, शेपटी हाय ती. तुलाच दिसंना."

पंगत बसली. नीमानं भाकरीची टोपली घेतली आणि सासूनं शिकवल्याप्रमाणे सगळ्यांत थोरल्यापासून सुरुवात केली. म्हाळूआबांनी ताटातल्या भाकरीकडे पाहिलं, मग वाढणाऱ्या हाताकडे पाहिलं. घास मोडला, रश्शात बुडवला, चावला.

"मीठ कमी हाय."

"मीठ मी घातलंय, आबा. तिच्यावर ढकलू नका," सत्यभामाबाई म्हणाल्या.

पुतण्यांना हसू आवरेना. आबांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

तरी निम्म्या मेंढ्या राहिल्याच. एका दिवसाचं काम शनिवारपर्यंत चाललं. बाकीची घरं आली नाहीत.

पुढच्या आठवड्यात राधाकिशनची पाळी होती. सोमनाथ पुण्याला परत गेला होता, नीमा अजून वस्तीवरच होती. सकाळी सत्यभामाबाईंनी सटवाच्या हातात कातर दिली.

"त्यानं बोलावलं न्हाई," सटवा म्हणाला.

"सावडीला बोलावणं लागतंय व्हय? त्यो आला न्हाई, ती त्याची चूक. आपण गेलो न्हाई तर ती आपली."

तिघं गेली. अंगणातल्या कातरी थांबल्या. राधाकिशन उठून उभा राहिला. "सटवादादा, आमी तर तुमच्याकडं आलो न्हवतो."

"ठाऊक हाय," सत्यभामाबाईंनीच उत्तर दिलं. "मेंढ्या कुठं हायेत?"

सटवा बसला, कातरू लागला. दोघी सासू-सुना लोकर गोळा करत राहिल्या. नीमा आता मेंढ्यांच्या मधून जात होती. भीती गेली नव्हती, पण टाकीवर चढण्याइतकी उरली नव्हती. कोणी तिच्याशी बोललं नाही, कोणी तिला जा म्हणालं नाही.

आधी गडी जेवून उठले, मग बायका बसल्या. राधाकिशनची बायको गयाबाई मटणाचं पातेलं घेऊन वाढत आली. सत्यभामाबाईंना वाढलं आणि नीमापाशी येऊन तिची पळी थांबली. सत्यभामाबाईंनी आपल्या ताटाला हात लावला नव्हता. सुनेला वाढलं नाही तर ही बाई भरल्या ताटावरून उठणार, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. आणि कातरणीच्या घरातून कोणी उपाशी उठून गेलं, असं त्या पायथ्याला आजवर घडलं नव्हतं. सत्यभामाबाई मात्र कोणाकडे बघत नव्हत्या. हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून होत्या.

गयाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. राधाकिशन एका मेंढीचे पाय बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"वाढ की. बघतीस काय?" तो म्हणाला. "सकाळपासून लोकर गोळा करायलीय ती."

गयाबाईनं एक पळी वाढली, दुसरी वाढली. नीमानं ताटावर हात आडवा धरला, "बस, बस," म्हणाली, तरी तिचा हात बाजूला सारून गयाबाईनं तिसरी वाढली. तेव्हा सत्यभामाबाईंनी आपली भाकरी मोडली.