किसनच्या बापाचं इर्जिक

काश्मीरची लढाई थांबल्यावर माझी बदली दापोडीला झाली. मी इंजिनिअर पलटणीतला. आधी सॅपर, मग नाईक, मग हवालदार. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता करणारा आणि जमिनीत पुरलेले सुरुंग काढणारा गडी. शाळा माझी तिसरीपर्यंत. बाकीचं पलटणीनं शिकवलं आणि चांगलं शिकवलं.

दापोडीला मी उस्ताद होतो. रंगरुटांना, म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना, सुरुंग काढायला शिकवायचं काम. सकाळी पीटी, मग परेड, मग मैदानावर क्लास. मैदानात बिनदारूचे सुरुंग पुरलेले असत. रंगरुटानं पोटावर पडायचं, संगीन तिरकी धरायची आणि हलक्या हातानं माती टोचत पुढं सरकायचं. लोखंड लागलं की थांबायचं. साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावत जायचं. फितीच्या आत पाय टाकायचा, बाहेर नाही. एवढाच धडा, पण तो अंगात भिनायला महिने लागतात.

नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी त्यांना किसन कसा मेला ते सांगायचो.

किसन चऱ्होलीचा. मी निघोज्याचा. दोघं इंद्रायणीकाठचे, म्हणून पलटणीत जोडी जमली. अठ्ठेचाळीस साली आम्हाला एका घाटरस्त्यावरचे सुरुंग काढायचा हुकूम झाला. पुढं आमची एक कंपनी अडकली होती, तिला संध्याकाळपर्यंत रसद पोचवायची होती. मी संगीन चालवत होतो, किसन मागून फीत लावत होता. दुपारी पुढच्या कंपनीचे जखमी घेऊन स्ट्रेचरवाले डोंगरावरून आमच्या फितीपाशी उतरले. आमच्या वाटेनं एकेक करून निघाले. त्यातल्या एकाचा पाय घसरला आणि तो फितीबाहेर कलला. किसननं त्याला धरून आत ओढलं. ओढताना तोल गेला आणि किसनचाच एक पाय बाहेर पडला.

सुरुंग फुटला. स्ट्रेचरवाला वाचला. किसन जागेवर गेला.

वायरलेसवर साहेबांचा आवाज आला, "काय झालं?"

मी म्हणालो, "एक कॅज्युअल्टी, साहेब. किसन."

साहेबांनी विचारलं, "रस्ता किती राहिला?"

"वळणापर्यंत."

"करशील?"

"करतो."

आणि केला. डोक्यात नुसता राग होता. दर वेळी संगीन टोचताना किसनचं नाव घेत होतो. हात एकदाही हलला नाही. दिवस मावळायच्या आत गाड्या पुढं गेल्या. त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. त्या दिवशी तोच कामाला आला.

पुढं मी तो जपून ठेवला. दापोडीला रोज मैदानात उतरताना किसनचं नाव घ्यायचो आणि तो स्फोट डोळ्यांपुढं आणायचो. कामात कसूर नाही, कंटाळा नाही. आमचे सुभेदार साहेब म्हणायचे, "तुझी बॅच सगळ्यात तयार. असाच राहा." मी तसाच राहिलो.

फक्त एक झालं होतं. उकरलेल्या मातीत माझा पाय पडत नव्हता. सुरुंग पुरलेली जमीन नव्यानं उकरलेली दिसते, ते डोक्यात बसलेलं. मैदानावर अडचण नव्हती, तिथं हुकूम होता, फीत होती. पण सुट्टीला सायकलवरून घरी निघालो की रस्त्याकडेला नव्या कारखान्यांचे पाये खणलेले दिसत. मी सायकल पलीकडच्या अंगानं घ्यायचो. घरी शेत नांगरलं की मी बांधावर. माझा धाकटा भाऊ रामा औत धरायचा आणि टोमणे मारायचा, "दादा, शेतात उतरायला सरकारची परवानगी लागती काय?"

मी म्हणायचो, "तुला नीट नांगरता येतं का ते बघतोय."

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. हवालदार माणूस मातीला भितो, हे कुणाला सांगणार?

मग एका उन्हाळ्यात चऱ्होलीहून सांगावा आला. किसनच्या वडिलांचा एक बैल मेला होता, रान पडून होतं. गावानं त्यांच्यासाठी इर्जिक ठरवलं होतं. इर्जिक म्हणजे गावातल्यांनी आपापले बैल, आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात उतरायचं आणि एका दिवसात रान नांगरून द्यायचं. मजुरी नाही. संध्याकाळी मालकानं जेवण द्यायचं. सांगाव्यात तात्यांचा, म्हणजे किसनच्या वडिलांचा, एक निरोप होता: किसनचा जोडीदार आला तर बरं वाटेल.

नाही म्हणायची सोय नव्हती. रजा काढली. आदल्या दिवशी मी आणि रामा बैल आणि लोखंडी नांगर घेऊन चऱ्होलीत पोचलो.

सकाळी शेतावर अकरा औतं उभी होती. हलगी वाजत होती. रामा नांगराच्या मुठीला हात घालून म्हणाला, "दादा, मी धरू का रुमणं?"

"नको. निरोप मला आलाय."

असं म्हणालो आणि बांधावर उभा राहिलो. पहिल्या औतानं माती पालथी घातली. दुसरं त्याच्या मागं गेलं. माझी पाळी आली. पाय उचलेना. मागून एक गडी म्हणाला, "मिलिटरीवाले बांधावरनंच हुकूम देणार वाटतं."

दुसरा म्हणाला, "अरे, त्यांना बँड लागतो. हलगीवर न्हाई चालत ते."

सगळे हसले. त्यात वाईटपणा नव्हता, पण माझी कानशिलं तापली. मी तेच केलं जे मला येत होतं. किसनचं नाव घेतलं, स्फोट आठवला, दात आवळले आणि उतरलो. बैलांना असूड मारला, रुमण्यावर सगळं वजन टाकलं. नांगर खोल रुतला, बैल धापा टाकत ओढायला लागले. एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, गेला, दुसरा गेला. तिसऱ्या तासाला डावा बैल गुडघ्यावर आला. तोंडाला फेस. मला पुढची माती दिसत नव्हती. घाटातला रस्ताच दिसत होता.

तात्या शेतातून चालत आले. वाळलेलं अंग, डोक्याला मुंडासं, पाय अनवाणी. त्यांनी आधी बैलाला उठवलं, त्याच्या मानेवरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघितलं.

"हवालदार, ह्या बैलानं तुझं काय घोडं मारलंय?"

मी असूड खाली टाकला.

"कुणावर चिडलाय?"

"किसनचं नाव घेऊन नांगरतोय, तात्या."

"नाव घेतलं की काय दिसतं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या बापापुढं बोलवलं नाही. म्हणालो, "तो गेला ती दुपार."

"रोज?"

"रोज."

तात्या म्हणाले, "मी त्याला बावीस वर्सं बघितला. तू एक दुपार धरून बसलायस."

मी हट्टी माणूस. म्हणालो, "त्या दुपारच्या जोरावर मी उभा हाय, तात्या. ती सोडली तर हातात काय राहील?"

"ते मला काय ठावं? मी काय मिलिटरीत न्हवतो." त्यांनी बैलांचा कासरा धरला आणि पुढं झाले. "मी बैल हाकतो. तू नुसतं रुमणं धर. आणि तो तुझ्यासंगं असताना काय बोलायचा ते सांग. मरायचं सोडून."

ते पुढं चालू लागले. ताज्या मातीत त्यांच्या अनवाणी पायांचे ठसे उठत होते. पुढच्यानं पाय टाकला तिथंच मागच्यानं टाकायचा, ही आमची पलटणीची रीत. मी त्यांच्या ठशांवर पाय टाकत निघालो.

चालता चालता एक आठवलं. म्हणालो, "तात्या, सुरुंग शोधताना आम्ही माती बोटांनी बाजूला करायचो. किसन ती माती चुरगाळून बघायचा, वास घ्यायचा. मी ओरडायचो, अरे हितं मरण पुरलंय आन तू वास काय घेतो? तर म्हणायचा, ह्या मातीत बाजरी येणार न्हाई. मका येईल."

तात्यांनी बैल थांबवले.

"मका म्हणला?"

"व्हय."

"बरोबर म्हणला. थंड मुलखात मकाच येणार." त्यांनी मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं. "चल पुढं."

मग मीही सांगत राहिलो, तेही सांगत राहिले. किसन लहानपणी खळ्यावर राखणीला बसायचा आणि चोरांच्या आधी तोच झोपायचा. पलटणीत त्यानं लांगऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, पटवून जादा गूळ मिळवला होता आणि तो साऱ्या सेक्शनला वाटला होता. कधी तात्यांचे ठसे संपले आणि मी स्वतःच्या पायानं चालू लागलो, मला कळलं नाही. वळून बघितलं तर तात्या बांधावर बसून चिलीम भरत होते आणि बैल रामा हाकत होता.

रामा म्हणाला, "परवानगी आली वाटतं."

मी त्याला ढेकूळ फेकून मारलं.

संध्याकाळी सगळं रान पालथं झालं. जेवायला मटण होतं. मी मातीच्या पायांनीच पंगतीला बसलो.

दापोडीला परत आल्यावर मी सुभेदार साहेबांना म्हणालो, नव्या बॅचला पहिल्या दिवशी ती दुपार सांगणार नाही. शेवटी सांगीन.

साहेब म्हणाले, "मग पोरांना धाक कसा राहणार?"

"धाक राहील, साहेब. जबाबदारी माझी."

"नाही राहिला तर?"

"माझ्या दंडावरची हवालदाराची फीत काढून घ्या."

माझ्या एकाही बॅचचा निकाल घसरला नाही. पोरांचे हात उलट जास्त स्थिर झाले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मला तो स्फोट अजून कधीमधी दिसतो. येतो आणि जातो. मी त्याला बोलावत नाही.

पुढं दर उन्हाळ्यात चऱ्होलीला गेलो, तात्या होते तोवर. मैदानात उतरताना किसनचं नाव मी घ्यायचोच. पहिल्या दिवशी ते ऐकून कुणी विचारायचं, "उस्ताद, हे किसन कोण?"

मी सांगायचो, "माझा जोडीदार. नदीकाठी जन्मला आणि त्याला पोहता येत नव्हतं. पूल बांधताना पाण्यात पडला की आधी टोपी धरायचा, मग हाका मारायचा."

पोरं हसायची. मी त्यांना पोटभर हसू द्यायचो. मग म्हणायचो, "चला. संगिनी घ्या."