कँपातली पियानोवाली

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा ती बेळगावच्या कँपात, गोऱ्या पलटणीच्या वस्तीत, आली. मी त्या वेळी मिशनच्या शाळेत लहान मुलींना गाणी शिकवत होते. नवरा मुंबईला गिरणीत लागला आणि तिथंच त्यानं दुसरं घर केलं, म्हणून मी बेळगावला लागून असलेल्या शहापूरला थोरल्या भावाकडं, अण्णाकडं, परत आले होते. घरात माग, वहिनी, तिची पोरं, सूत भरणाऱ्या बायका. निजायला जागा होती, पण माझ्याशी कामापलीकडं कुणी बोलत नव्हतं. लग्नाआधी वडिलांच्या, आप्पांच्या, भजनात पेटी वाजवायला शिकले होते, तेवढ्यावर शाळेत काम मिळालं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता. एरवी तो प्रार्थनेपुरताच उघडायचा. एका दुपारी मुली घरी गेल्यावर मी पेटी ठेवायला गेले, तर एक परकी बाई तो वाजवत बसली होती. चाळिशीची, आखूड केसांची, अंगावर पुरुषी कोट. मी भिंतीला टेकून उभी राहिले. कसलं गाणं ते कळेना, पण पायाला ठेका लागला आणि मी बोटांवर मात्रा मोजू लागले.

"सात," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

ती थांबली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आमच्यात रूपक म्हणतात. पण आमचे तीन आधी येतात, मग दोन आणि दोन. तुमचे तीन शेवटी येतात."

मिशनच्या शाळेत शिकल्यामुळं माझं इंग्रजी कामापुरतं होतं, तिचंही तसंच असावं. ती हसली. "माझ्या गावात लग्नात यावर नाचतात. मुंबईच्या बँडमधल्या माणसांना मी वर्षभर शिकवलं. ते आठवी मात्रा घालायचेच."

ती बल्गेरियाची होती. तो देश शाळा चालवणाऱ्या थोरल्या मिसबाईंनी मला नकाशात दाखवला. राजधानीत तिनं युरोपातल्या मोठमोठ्या गुरूंचं संगीत शिकून घेतलं होतं. मग नाचाच्या बँडबरोबर बोटीवरनं, हॉटेलांतनं वाजवत ती मुंबईला पोचली आणि जाझवर पोट भरू लागली. तेवढ्यात तिचा देश शत्रूच्या बाजूला गेला. सरकारनं तिला मुंबई सोडायला लावली. बेळगावची हद्द ओलांडायची नाही आणि आठवड्याला पोलिसांत हजेरी द्यायची, असा हुकूम होता. मिशननं तिला मागची खोली दिली आणि त्या बदल्यात गोऱ्यांच्या मुलींना पियानो शिकवायला लावलं.

मी रोज शाळा सुटल्यावर थांबू लागले. एकदा तिनं मला एकच सूर धरून ठेवायला सांगितला. मी सा लावला. तिनं माझ्या सुराच्या अगदी लगत गळ्यानं दुसरा सूर लावला, इतका जवळ की दोन्ही एकमेकांवर घासू लागले. मला वाटलं, ती बेसूर झाली. मी तिच्या सुरावर सरकले.

"सरकू नकोस," ती म्हणाली. "आमच्याकडं गहू कापताना बायका असंच गातात. एक आपल्या सुरावर उभी राहते, दुसरी गळ्यानं तिच्याभोवती फिरते. आई फिरायची, मी उभी राहायचे. आता तू उभी राहा."

पुन्हा लावला. या खेपेला मी हलले नाही. अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी का आलं ते मला सांगता येणार नाही.

त्यातनं तिची रचना होत गेली. सुरुवात राजधानीत शिकलेल्या संगीतासारखी, संथ आणि नेमकी. मग डावा हात हॉटेलातल्या जाझसारखा लचकत चालायचा, उजव्या हातात ते साताचं नाचाचं गाणं यायचं, आणि शेवटी पियानो अगदी बारीक होऊन आमचे दोन गळे. रोज ती काहीतरी मोडायची आणि पुन्हा जुळवायची.

घरी वहिनी म्हणायची, "वन्सं, शाळा तर कवाच सुटती न्हवं?"

अण्णानं एकदाच विषय काढला. "त्या गोरीच्या नादाला लागू नगं. पोलिसांची नजर हाय म्हणं तिच्यावर."

"व्हय," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

जखमी सोल्जरांच्या मदतीसाठी कँपातल्या मडमांनी शाळेच्या हॉलमध्ये चहाचा कार्यक्रम ठेवला. तिला वाजवायला सांगितलं. आधी तिनं नाचाच्या ओळखीच्या चाली वाजवल्या, लोक खुशीत होते. मग आमचं सुरू झालं. काही जणांनी पायानं ठेका धरून पाहिला आणि सोडून दिला. आम्ही दोघी गायला लागलो तेव्हा मागं कुणीतरी हसलं. मी सा सोडला नाही.

संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका साहेबानं विचारलं, "हे कुठलं गाणं?"

तिला काहीही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "माझ्या आईच्या गावचं."

गाव कुठल्या देशात ते त्याला ठाऊक होतं. त्यानं कप खाली ठेवला आणि उठून गेला. कुणी आम्हाला रागावलं नाही. दोन दिवसांनी हॉलला कुलूप लागलं, एवढंच. पुढं आम्ही कंपाउंडातल्या चिंचेखाली बसायचो. ती बाकावर बोटं वाजवायची, मी ऐकायचे.

तेही फार दिवस चाललं नाही. तिला दुसरीकडं हलवायचा हुकूम आला. कुठं, ते कुणी सांगितलं नाही. मी स्टेशनवर गेले. तिच्याबरोबर पोलीस होता, म्हणून आम्ही फार बोललो नाही.

"तुझा भाग तुला येतो," ती म्हणाली. "आता माझा शिकून घे."

"मला पियानो येत नाही."

"मग गा."

गाडी पुण्याच्या बाजूला गेली. त्यानंतर तिची काही खबर लागली नाही. लढाई संपल्यावर मिसबाईंना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.

पुढं मला निपाणीला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. तंबाखूच्या वखारींच्या मागं खोली घेतली. शाळेत एक गोड गळ्याची मुलगी होती. तिला ते गाणं शिकवून पाहिलं. दर वेळी ती घसरून माझ्याच सुरावर यायची. शेवटी म्हणाली, "बाई, लई टोचतंय वं कानाला." मी तिला जबरदस्ती केली नाही.

आता रविवारी मी पेटीवर सा धरते आणि त्याच्या लगत तिचा भाग गाते. पेटी हलत नाही, पण ऐकतही नाही. परवा शेजारची म्हातारी दारात येऊन थोडा वेळ उभी राहिली.

"पेटी बिघडली व्हय गं?" तिनं विचारलं.

"न्हाय आक्का, पेटी चांगली हाय," मी म्हणाले. ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पुन्हा गायला बसले.