ळ नसलेला पासवर्ड

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या त्या डाईंग मिलमध्ये धुडकू पाटलाचं एकच वैभव होतं, लॅबमधली चाकाची खुर्ची. सातवी शिकलेला हा माणूस वीस वर्षं खाली कापड रंगवायच्या जेट मशीनवर वाफ खात उभा राहिला आणि मग निव्वळ नजरेच्या जोरावर वर रंगाची शेड जुळवायला आला. कापडाची चिंधी उजेडात धरून तो म्हणायचा, "पिवळा जरा चढलाय," आणि यंत्राने मोजलं तरी तेच निघायचं. त्याची मुलगी वर्षा भेस्तानच्या गल्लीत सगळ्यांना सांगायची, "माझे पप्पा कम्प्युटरवर काम करतात." ऐकून न ऐकल्यासारखं करत धुडकू उगाच आणखी थोडा वेळ ओट्यावर रेंगाळायचा.

कम्प्युटर मात्र त्याच्या एकट्याचा नव्हता. पॅकिंगचा हर्षल आणि स्टोअरची मृणालही त्यावरच काम करत. म्हणून मिलचा कम्प्युटरवाला अमित याने प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं आणि पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडद्याला आपोआप कुलूप लागेल असं करून ठेवलं. आता रंगवलेली चिंधी वाळायला लागतात सात मिनिटं. या दोन मिनिटांच्या फरकाने धुडकूच्या नाकी नऊ आणले. दिवसातून चाळीस वेळा पासवर्ड टाकायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

त्याने आपली युक्ती काढली. लॅबवरून जो जाईल त्याला तो सांगायचा, "जाता जाता जरा माऊस हलव." चहावाल्याने हलवला, झाडूवाल्याने हलवला, एकदा तर खुद्द शेठने हलवला. मग एके दिवशी कुणाच्या तरी कोपराने रंगाच्या मापात एक शून्य जास्त पडलं आणि फिक्या गुलाबीचा अख्खा लॉट भडक राणी रंगाचा होऊन बाहेर आला.

अमित चिडला नाही, त्याने शांतपणे सांगितलं आणि तेच जास्त लागलं. "काका, आजपासून उठताना स्वतः कुलूप लावायचं. पासवर्ड कुठे लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही. आणि एकदा जरी लॉगिन अडकलं, तर लॅब हर्षलकडे आणि तुम्ही परत खाली जेटवर."

त्या दिवसापासून धुडकू पाणी प्यायला उठला तरी कुलूप लावायचा.

एका गुरुवारी सकाळी कम्प्युटरने नवा पासवर्ड मागितला. आजवरचे सगळे वर्षाने सुचवलेले होते, पण आता कुणाला सांगायची चोरी. लॅबमध्ये तो एकटाच होता. बऱ्याच वेळाने त्याला एक नाव आठवलं, जे अख्ख्या सुरतेत कुणाला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. त्याचा काळा बैल. भावाभावांची वाटणी झाली, बैल धाकट्याकडे गेला आणि धुडकू सुरतेला आला, ते एकोणीसशे शहाण्णव साल. नाव आणि साल, दोन्ही पुटपुटत त्याने दोनदा टाकलं. आपल्या हुशारीवर खूश होऊन तो चिंधी वाळवायला गेला.

परत आला तेव्हा कुलूप होतंच. त्याने टाकलं, kalya1996. चूक. एक a वाढवून पाहिला, kaalya1996. चूक. खाली लाल अक्षरं उमटली, आता एकच संधी. खाली जेट पाण्याने भरून त्याच्या आकड्यांची वाट पाहत होतं, हर्षल मागे येऊन उभा होता आणि दारातून अमित येत होता. वर्षाला आता काय सांगायचं, एवढंच धुडकूच्या मनात आलं.

काहीच सुचेना, तेव्हा त्याने घरी बायकोला फोन लावला. सरलाबाई साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती.

"वर्षानी माय, आपला बैलनं नाव काय व्हतं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"काया."

"काय नही, नाव इचारस मी."

"मी बी नावच सांगस. काया."

खरंच की. घरी कुणी काळ्या म्हणतच नव्हतं. त्यांच्या अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया, तसा काळ्याचा काया. सकाळी एकटा असताना धुडकूची बोटं घरच्या बोलीत चालली होती आणि माणसं जमल्यावर तोच शहाणा होऊन शाळेतलं मराठी लिहीत बसला होता. त्याने सावकाश टाकलं, kaya1996. पडदा उघडला.

आकडे खाली गेले, जेट सुरू झालं. अमित मागून म्हणाला, "आठवला शेवटी?"

"आठवला नाही, ऐकला," धुडकू म्हणाला.

फोन अजून चालूच होता. "आज कशी काय याद उनी तुम्हले त्यानी?" सरलाबाई विचारत होती.

इतक्या वर्षांत मिलमध्ये कुणी धुडकूची अहिराणी ऐकली नव्हती. इथे तो हिंदी बोले, गुजराती बोले, अमितशी बेताचं शुद्ध मराठी बोले. आज मात्र सगळ्यांसमोर तो मोकळ्या आवाजात म्हणाला, "आते रोज ई याद. दिनमा चायीस डाव."

मग दोघं बैलाबद्दल बोलत राहिली. त्याचं ते डावं शिंग, त्याचं पोळ्याला नटणं. बोलता बोलता पाच मिनिटं झाली आणि पडद्याला पुन्हा कुलूप लागलं. धुडकूने खुर्ची पुढे ओढली आणि त्याला नावाने हाक मारली.