फाटकाची गोष्ट लांबवताना

पंचवीस मिनिटांची गोष्ट सात आठवडे पुरवायची, हा आमचा उद्योग. आम्ही म्हणजे सहा जण. तीन बेळगावचे, तीन निपाणीकडचे. लहानपणी सगळ्यांनी टीव्हीवर एकच जुनी परदेशी मालिका पाहिलेली, परग्रहांची आणि यंत्रमाणसांची. भाषा इंग्रजी, तीही नाकातली. कळायचं कुणालाच नाही, जो तो आपापल्या गल्लीत आपापला अर्थ लावायचा. पन्नाशीला टेकल्यावर मोबाईलच्या ग्रुपवर आम्ही भेटलो, तेव्हा लक्षात आलं की एकाच भागाच्या आमच्याकडे सहा वेगळ्या गोष्टी आहेत. मग ठरलं, प्रत्येकानं एकेक जुना भाग घ्यायचा आणि मराठीत क्रमशः लिहायचा, दर रविवारी एक प्रकरण. नियम एकच. मूळ गोष्ट मोडायची नाही, शेवट बदलायचा नाही, फक्त लांबवायची.

लांबवणं ज्यांना सोपं वाटतं त्यांनी करून बघावं. निपाणीचे एक निवृत्त गुरुजी प्रत्येक अंतराळयानात एक लग्न लावायचे. हे पाणी घालून आमटी वाढवणं आहे, असं मी ग्रुपवर लिहून टाकलं आणि गुरुजींनी आठवडाभर अबोला धरला. माझं असंच आहे, आधी जीभ चालते आणि विचार मागून येतो.

माझी खरी परीक्षा घरातच व्हायची. वडगावातलं आमचं घर म्हणजे पुढं माग आणि मागं संसार. माग विकले त्याला बरीच वर्षं झाली, पण शेजारचे चालतात, त्यामुळं आमच्या भिंतींना अजून खडखडाट येतो. माझे वडील, म्हणजे आप्पा, सांधणीचं काम करायचे. मागावरचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडायचा. हजारो धागे, बोटांना राख लावून, नुसत्या चिमटीनं. कापडावर हात फिरवला तरी गाठ लागता कामा नये. दर शनिवारी संध्याकाळी मी आप्पांना प्रकरण वाचून दाखवायचे. मूळ भाग त्यांनीही पाहिलेले होते, शेजाऱ्यांच्या सोप्यात, मला मांडीवर घेऊन. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच बोट वर करायचे.

"हितं गाठ लागतीया बघ. हितनं म्होरं सगळं तुझं हाय."

दर वेळी बरोबर. मला राग यायचा. कागद आपटून मी चहा टाकायला उठायचे, आणि रात्री तेवढाच मजकूर पुन्हा लिहायचे.

यंदा मी फाटकाचा भाग घेतला. एका ओसाड ग्रहावर माणसांची वस्ती आहे, भोवती कुंपण, एकच फाटक आणि फाटकावर एक म्हातारा राखणदार. पाणी आणायला बाहेर गेलेली एक बाई चार दिवसांनी परत येते. चेहरा तोच, आवाज तोच. म्हातारा तिला प्रश्न विचारतो आणि ती एकूण एक उत्तर बरोबर देते. तिथंच म्हाताऱ्याला संशय येतो. म्हातारा म्हणतो, खरं माणूस काहीतरी विसरतंच. माणसाचं रूप घेऊन आलेलं ते बाहेरचं काहीच विसरत नाही. फाटक बंद राहतं, बाई बाहेर बसून राहते आणि पडदा काळा होतो. ती खरी होती की खोटी, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही.

याचे सात भाग करायचे म्हणजे वस्ती माणसांनी भरायला हवी. मी तिच्यात आमची गल्ली घातली. राखणदाराला आप्पांचा मफलर दिला, त्यांचा अडकित्ता दिला, बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय दिली. परत येणाऱ्या बाईला ऑफिसातून दमून येणाऱ्या बाईची चाल दिली, म्हणजे माझीच. पहिल्या दोन प्रकरणांत आप्पांनी बोट वर केलं. तिसऱ्यात केलं नाही. चौथ्यातही नाही.

"आप्पा, गाठ कुठं लागली?"

"न्हाय गं गावत," ते म्हणाले. "समदं एकच हाय."

मी अशी फुगले की विचारू नका. ग्रुपवर लगेच लिहिलं, चाळीस वर्षं सांधणी केलेल्या माणसाला माझी गाठ सापडली नाही. गुरुजींनी पेढे मागितले. पुढची दोन प्रकरणं मी त्याच तोऱ्यात लिहिली.

त्याच दिवसांत आप्पा भरदुपारी कडी लावायला लागले. मी आले की कडी काढण्याआधी काहीतरी विचारायचे. काल कुठली भाजी केलतीस? तुझ्या आयेचं म्हायेर कुठलं? मला वाटलं, म्हातारपणाची गंमत चाललीय, गोष्टीतला खेळ खेळतायत. मीही हौसेनं उत्तरं द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, तुला पयल्यांदा साडी नेसवली ती कसली व्हती? मी सांगितलं, शहापूरच्या मागावरची, हिरवी, तांबड्या काठाची, आणि डाव्या खांद्यावर आईनं टाचणी लावलेली, ती मला टोचली होती.

 "लई बरोबर सांगतीयास," आप्पा म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. मला ते खटकलं, पण मी स्वतःची समजूत घातली की थकलेत.

आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. उंबऱ्याच्या आत मराठी. दारात अनोळखी माणूस आलं, वीजबिलवाला असो की मतदारयादीवाला, की आप्पा कन्नड बोलणार, तेही अगदी आदबीनं. माझ्याशी ते जन्मात कधी कन्नड बोलले नव्हते. एका शुक्रवारी मी ऑफिसातून आले, स्कूटर लावली, दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं. आप्पा दोनदा खाकरले.

"यार बेकागित्तरी?"

कोण हवंय आपल्याला? मला हसू आलं. "आप्पा, मी हाय," मी म्हटलं.

"मन्याग यारू इल्लरी." घरात कुणी नाही हो. एवढं सांगून त्यांनी नम्रपणे मान हलवली, दार लावलं, आणि आतून कडी बसल्याचा आवाज आला.

मी घाबरले. रस्त्यावर ऊन होतं, शेजारी माग खडखडत होते. ते चिडले असते तर मी भांडले असते. भांडणं मला येतं. पण त्या आदबीपुढं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी खिडकीतून हाका मारल्या. त्यांना माझं नाव, माझा वाढदिवस, आईच्या शेवटच्या आजारपणातला एकेक दिवस सांगितला. जितकं सांगत गेले तितके ते मागं मागं सरकत गेले. मग माझ्या ध्यानात आलं की मी खिडकीत उभी राहून नेमकं तेच करतेय, जे गोष्टीतलं ते बाहेरचं करतं.

शेजारच्या आक्का, ज्यांचे माग चालतात त्या, मागच्या दारानं आत गेल्या. आप्पा त्यांच्याशी मराठीत बोलले. मला खिडकीतून सगळं ऐकू आलं.

"आक्का, भाईर ते आलंया. माझ्या पोरीचं त्वांड घिऊन आलंया. पोर पानी आनाय गेल्ती, ती तिकडंच ऱ्हायली."

पाणी आणायला मी गेले नव्हते. गोष्टीतली बाई गेली होती, आणि तिच्या वाटेचं सगळं वर्णन मी केलं होतं, तिसऱ्या प्रकरणात.

त्याच संध्याकाळी आक्कांनी घरी बोलावलेल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे बऱ्याच महिन्यांपासून हळूहळू चालू असणार. स्मृती जाते आणि खरं काय, ऐकलेलं काय, यातला फरक पुसत जातो. गोष्टीमुळं आजार झालेला नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मी मान हलवली. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आप्पांना गाठ सापडेनाशी झाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्यांना हजार धाग्यांत एक गाठ लागायची, त्यांना ती लागेना, आणि मी त्यांचा हात धरून डॉक्टरकडं न्यायचं सोडून ग्रुपवर बढाया मारत बसले होते. याची मला अजून लाज वाटते.

आप्पा माझ्या हातचं काही घेईनात. पाणीसुद्धा नाही. मी रांधायचे, आक्का ताट आत न्यायच्या आणि गोळी द्यायच्या. आक्कांचे यजमान रात्री आप्पांच्या सोबतीला झोपायचे आणि मी आक्कांकडं. पण येत्या सोमवारी आक्का लेकीच्या बाळंतपणाला निपाणीला जाणार होत्या आणि यजमानांना दिवसा माग सोडून हलता येत नव्हतं. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, मी येऊन त्यांना घेऊन जातो. कुठं? तिसऱ्या मजल्यावर, जिथं मागाचा आवाज नाही आणि ओळखीची भिंत नाही. तिथं गेले तर ते मला कायमचे विसरणार, अशी माझी खात्री होती. सोमवारच्या आत त्यांनी माझ्या हातचं जेवलं पाहिजे होतं. माझ्यासमोर दुसरं काही नव्हतं.

आधी मी सोंग करून बघितलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, खिडकीत उभी राहून मुद्दाम चुका केल्या. आईचं माहेर सांबरा म्हटलं, साडी निळी म्हटलं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"सोंग करतंया," ते आक्कांना म्हणाले. "आता त्ये बी शिकलंया."

त्या वाक्यानं मला जेवढी भीती वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. मी आक्कांच्या पायरीवर बसून रडले.

रविवारी शेवटचं प्रकरण द्यायचं होतं. ग्रुपवर सकाळपासून विचारणा चालू होती, फाटक बंद कसं होतं ते वाचायला सगळे उत्सुक होते. मी मोबाईल बंद केला. बंद फाटकाबाहेर मी दोन दिवस बसले होते, त्यावर सुरस लिहायची माझ्यात ताकद नव्हती. मग बसल्या बसल्या एक गोष्ट सुचली. म्हातारा लेक म्हणून आलेलीला आत घेत नाही. पण लेक नसलेली कुणी आली तर? आमच्याकडं दुपारच्या वेळी दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत. आणि पाहुण्याला एकट्याला जेवू देत नाहीत. कर्त्या माणसानं शेजारी ताट घेऊन बसायचं, पाहुण्याच्या आधी उठायचं नाही. ही रीत आप्पांनी कधी मोडलेली मी बघितली नव्हती.

बारा वाजता मी आक्कांचं जुनं लुगडं नेसले, पदर डोक्यावर घेतला आणि आमच्याच घराचं दार वाजवलं.

"यार बेकागित्तरी?"

मी कन्नडमध्ये म्हटलं, लांबून आलेय, ऊन फार आहे, जरा टेकू का? वडिलांशी कन्नड बोलायची माझी पहिलीच वेळ.  आप्पा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत उभे राहिले. आता ओळखणार आणि कडी घालणार, असं मला वाटलं.

"बर्री, बर्री," ते म्हणाले आणि दार पूर्ण उघडलं. "ऊटा माड्री." या, या, जेवून घ्या.

त्यांनी मला पाट दिला, तांब्यातून पाणी दिलं. मी सकाळी करून पाठवलेली भाकरी आणि वांग्याची भाजी त्यांनी स्वतः वाढली आणि तेही माझ्या शेजारी बसून जेवले. मी सावकाश जेवत राहिले, कारण मी उठेपर्यंत ते उठणार नव्हते. जेवण झाल्यावर मी माझी रक्तदाबाची गोळी काढली आणि विचारलं, तुमचीही असेल ना? त्यांनी कोनाड्याकडं बोट केलं, मी त्यांची गोळी काढली आणि त्यांनी ती माझ्या हातून घेतली.

मी आणखी अर्धी भाकरी घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी टोपलीवर हात ठेवला. पाहुण्याला नाही म्हणायचं म्हणून ते ओशाळले होते. कन्नडमध्ये म्हणाले, राग मानू नका, ती राहू द्या. माझी लेक बाहेर गेलीय, ती उपाशी येईल.

आप्पा माझ्यासमोर जेवले, असं मी भावाला फोनवर सांगितलं, आणि तो आला नाही. मी दुपारची रजा घेत गेले, नंतर ऑफिसची वेळ बदलून घेतली. गेले तीन महिने रोज बाराला मी माझं दार वाजवते, आणि ते उघडेपर्यंत मला भीती वाटते, कारण एखाद्या दिवशी त्यांना पाहुणाही नको होईल. संध्याकाळी मी मागच्या दारानं येते. काही दिवशी ते ओळखतात. "कुठं गेल्तीस गं? ही बघ, तुला ठिवलीया," म्हणत ती अर्धी भाकरी माझ्या हातात देतात, आणि मी उभ्या उभ्या खाते. बाकीच्या दिवशी ते दाराकडं बघत बसलेले असतात. त्या दिवशी भाकरी झाकलेली राहते आणि मी तिला हात लावत नाही, कारण ती त्यांच्या लेकीची असते.