ओहोटीचं चित्र

वल्लरी जात्याच उतावळी. गिरगावातल्या घरी आई म्हणायची, "हिला भाताला वाफ येईपर्यंतही दम निघत नाही." आणि नोकरी मिळाली ती समुद्राकडे डोळे लावून बसायची! परळच्या ऑफिसात उपग्रहाकडून दर तासाला किनाऱ्याचं चित्र येई. पाण्यातलं वनस्पतिप्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ, कुठे माजलंय ते त्यातल्या रंगावरून कळे.

त्या आठवड्यात ते भलतंच माजलं होतं. असं पाणी रात्री प्राणवायू खाऊन टाकतं. मोकळा मासा पळून जातो. पण वरळीसमोर शिवाने पिंजऱ्यांत वाढवलेले जिताडे कुठे पळणार? करी रोडचा शिवा आणि त्याची बायको कमल, दोघांनी त्या पिंजऱ्यांना पोटच्या पोरांसारखं जपलं होतं. अशा दिवसांत माशांना उपाशी ठेवतात, कारण भरल्या पोटी त्यांना प्राणवायू जास्त लागतो. म्हणून वल्लरीच्या सांगण्यावरून चारा बंद होता.

सकाळच्या चित्रात वरळीचं पाणी स्वच्छ दिसलं. वल्लरीने लगेच फोन लावला. "शिवादादा, गेलं सगळं! घाला चारा."

दुपारची चित्रं येऊ लागली. हिरवा पट्टा भरतीबरोबर पुन्हा आत सरकत होता. सकाळी त्याला ओहोटीने बाहेर ओढलं होतं, एवढंच. दर तासाची चित्रं हाताशी, आणि बाई भाळली एकावर! शिवा फोन उचलेना. शेवटी कमलने उचलला.

"वहिनी, चारा घातलात?"

"घातला ना! तुम्ही बोललात म्हणून पोटभर घातला. कसले तुटून पडले माहितीय!"

वल्लरीला रडूच फुटलं. "चुकलं हो माझं. पट्टा परत येतोय. होडीला बांधून पिंजरे दक्षिणेकडे ओढा, तिथलं पाणी चांगलंय. अंधार पडायच्या आत!"

फोन कानाला तसाच ठेवून कमल ओरडली, "अहो, दोर काढा! आधी दोर काढा!"

वल्लरी खुर्चीला खिळून प्रत्येक चित्र बघत राहिली. शेवटचा पिंजरा ओढायच्या आत अंधार पडला.

सकाळी त्यातले जिताडे पोट वर करून तरंगत होते. फोन वाजला तेव्हा वल्लरी शिव्या खायच्या तयारीत होती. शिव्या मिळाल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

"ताई," कमलचा आवाज बसला होता, "उरलेत त्यांना आज घालू की नको?"

समोरच्या चित्रात पाणी स्वच्छ होतं.

"थांबा, वहिनी," वल्लरी म्हणाली. "भरती येऊन जाऊ दे."